मास्टर विठ्ठल, शारदा कंपनी आणि मोडलेला करार

मास्टर विठ्ठल यांचं नाव आज निघतं ते दोनच कारणांनी. 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक होते, आणि त्याच सुमारास त्यांच्यावर झालेल्या दाव्यात त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिनांनी मांडली होती. या दोन गोष्टींना जोडून तिसरी हमखास सांगितली जाते. विठ्ठल यांना हिंदुस्थानी धड बोलता येईना, म्हणून पडद्यावर त्यांना बहुतेक वेळ बेशुद्ध ठेवलं आणि बोलपटाने त्यांचा निकाल लावला. किस्सा झकास आहे. पण त्यांची कारकीर्द सालवार लावून पाहिली की त्याचा शेवटचा भाग काही टिकत नाही. 'आलम आरा'नंतर हा माणूस तीस-पस्तीस वर्षं चित्रपटधंद्यात होता. तेव्हा बोलपटाने त्यांच्याकडून नेमकं काय काढून घेतलं, हे जरा नीट पाहायला हवं.

कोल्हापूरची कात्री

जन्म १९०६ चा. लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत काम. म्हणजे ज्या काळात नाटक कंपनीतल्या पोराला पाठांतर, आवाज आणि उभं राहणं आधी शिकवलं जायचं आणि बाकीचं सगळं नंतर, त्या काळातली तालीम त्यांना मिळालेली होती. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण 'बोलता येत नव्हतं' असं ज्याच्याबद्दल पुढे म्हटलं गेलं तो माणूस मुळात रंगभूमीवरून आलेला होता.

तिथून ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले, आणि आले ते संकलनाच्या कामाला. मूकपटाचं संकलन हे हातकाम होतं. फीत उजेडासमोर धरायची, कुठे कापायची ते डोळ्यांनी ठरवायचं, कात्री लावायची, कडेचा लेप खरवडायचा आणि फीत जोडायचं 'सिमेंट' नावाचं चिकट द्रव लावून पुढचा तुकडा चिकटवायचा. उडी मारायला निघालेला नट आणि खाली पोचलेला नट असे दोन तुकडे जोडले की मधली उडी प्रेक्षक आपल्या मनाने पुरी करतो. पुढे ज्याला उड्यांवरच नाव कमवायचं होतं त्याने सुरुवात या टेबलावर केली, हे मला त्यांच्या चरित्रातलं सर्वांत बोलकं कलम वाटतं.

पडद्यावर ते प्रथम दिसले ते १९२४ च्या 'कल्याण खजिना'त, आणि तेही नर्तकीच्या वेषात. पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'त स्त्रियांना कॅमेऱ्यापुढे आणलं होतं, तरी कंपनीतल्या पोरसवदा मुलाला लुगडं नेसवून नाचवायची नाटकवाल्यांची सवय काही एकदम सुटलेली नव्हती.

शारदाचा राजपुत्र

१९२५ मध्ये मुंबईत भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. कोल्हापूरच्या कंपनीचा जीव पुराणात, इतिहासात आणि सामाजिक प्रश्नांत होता. शारदाचा जीव मारामारीत. १९२६ च्या 'रतन मंजिरी'त विठ्ठल नायक झाले, नायिका झेबुन्निसा. हे दोघे पुढे शारदाची ठरलेली जोडी बनले. राजपुत्र, तोतये, कपटी सेनापती, तुरुंग, दोरीवरून झेप, घोड्यावरून पाठलाग, तलवारबाजी आणि शेवटी राज्य परत, असा एकंदर ऐवज. समीक्षकांनी नाकं मुरडली असतील, पण चार आण्यांच्या बाकांवरचं पब्लिक तुडुंब.

विठ्ठल यांना 'भारताचा डग्लस फेअरबँक्स' म्हणत. ही पदवी नुसती कौतुकाची नव्हती, तिच्यामागे धंद्याचं गणित होतं. फेअरबँक्स हा हॉलिवूडच्या मूक साहसपटांचा नायक, आणि त्याचा 'थीफ ऑफ बगदाद' हिंदुस्थानात प्रचंड चालला होता. १९२७-२८ मध्ये सरकारने रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट समितीच्या अहवालातही त्याच्या लोकप्रियतेची नोंद आहे. असा नट आपल्याकडे तयार केला तर गिऱ्हाईक हातचं जाणार नाही, हे मुंबईच्या कंपन्यांनी ओळखलं. शारदाला तो सापडला. त्या दशकाच्या अखेरीला विठ्ठल हे देशातल्या सर्वांत महागड्या नटांत गणले जात होते.

या यशाच्या बुडाशी दोन यांत्रिक गोष्टी होत्या. एक म्हणजे कॅमेरा हाताने फिरवला जायचा. सेकंदाला साधारण सोळा चौकटी (फ्रेम) हा रिवाज, पण हात कॅमेरामनचा, त्यामुळे मारामारीच्या वेळी दांडा जरा संथ फिरवला की पडद्यावर तीच मारामारी चपळ दिसायची. तलवार होती त्याहून वेगाने चालायची, धावणारा वाऱ्यासारखा पळायचा. नटाच्या अंगच्या चपळाईला हा वरचा मुलामा.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या पाट्यांची. मूकपटातला संवाद पाटीवर लिहिलेला असे, आणि त्या पाट्या प्रांताप्रमाणे गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा बदलता यायच्या. थिएटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यामुळे कोल्हापूरच्या स्टुडिओतून आलेला मराठी पोरगा लाहोरमध्ये लाहोरचा आणि मद्रासमध्ये मद्रासचा राजपुत्र होऊ शकत होता. त्याची मातृभाषा कोणती हा प्रश्न ना निर्मात्याला पडायचा, ना प्रेक्षकाला. विठ्ठल यांची बाजारातली किंमत या पाट्यांवर उभी होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढचं सगळं प्रकरण इथून सुरू होतं.

दावा

१९३० मध्ये चिमणलाल देसाई आणि डॉ. अंबालाल पटेल यांनी सागर कंपनी उभी केली. तिच्यात इंपीरियल फिल्म कंपनीचे अर्देशीर इराणी यांचाही हात होता. सागर ही इंपीरियलचीच फांदी म्हणायची. इराणींच्या डोक्यात तेव्हा बोलपट घोळत होता, आणि काम शक्य तितकं गुपचूप चाललं होतं, कारण कलकत्त्याचं मादन थिएटर्स याच शर्यतीत होतं. मादनचा 'शिरीं फरहाद' 'आलम आरा'नंतर अवघ्या काही आठवड्यांत पडद्यावर आला, यावरून शर्यत किती अटीतटीची होती ते कळतं.

अशा घाईत निर्माता धोका एकाच ठिकाणी पत्करतो. यंत्र नवं, पद्धत नवी, तंत्रज्ञ शिकाऊ. मग निदान पोस्टरवरचं नाव तरी खात्रीचं हवं. त्या वेळी सागर-इंपीरियलच्या गोटात एक होतकरू तरुण होता, महेबूब खान नावाचा. पुढे 'मदर इंडिया' करणारे तेच महेबूब. 'आलम आरा'च्या नायकासाठी त्यांचं नाव विचारात होतं. ते बाजूला पडलं, कारण त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि विठ्ठल यांना सगळे ओळखत होते.

अडचण एवढीच की विठ्ठल शारदाशी कराराने बांधलेले होते. त्यांनी तो मोडला आणि ते पलीकडे गेले. शारदाने कोर्ट गाठलं.

शारदाच्या हातात काय होतं ते कायद्याच्या अंगाने पाहण्यासारखं आहे. तेव्हा लागू असलेल्या १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टप्रमाणे ज्या कामात माणसाची वैयक्तिक कला गुंतलेली आहे ते काम कोर्ट त्याच्याकडून जबरदस्तीने करवून घेऊ शकत नव्हतं. 'विठ्ठलने आमच्याच चित्रपटात उडी मारावी' असा हुकूम कोणी न्यायाधीश देणार नाही. मात्र याच कायद्याच्या ५७ व्या कलमात एक उदाहरण छापलेलं आहे. गायकाने एका थिएटरात बारा महिने गायचं आणि त्या काळात दुसरीकडे जाहीरपणे गायचं नाही असं कबूल केलं असेल, तर त्याला गायला भाग पाडता येत नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून मनाई हुकमाने रोखता येतं. हे उदाहरण १८५२ मधल्या योहाना वाग्नर या गायिकेच्या लंडनच्या खटल्यावरून बेतलेलं आहे. दुसऱ्या बाजूला १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम, ज्याप्रमाणे कोणालाही आपला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नट आणि कंपनी यांच्यातली भांडणं या दोन कलमांच्या मधल्या पट्टीत लढली जात. नुकसानभरपाई हा तिसरा मार्ग, पण बोलपटाच्या तोंडावर आलेल्या कंपनीला पैशापेक्षा नट हवा असतो.

विठ्ठल यांच्या बाजूने जिना उभे राहिले. १९३० च्या शेवटी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले, मुंबईच्या वकिलीतले अव्वल आणि महागडे बॅरिस्टर. स्टंटपटाच्या नटासाठी एवढा मोठा वकील उभा राहतो, यातच त्या नटाचा भाव काय होता ते आलं, आणि त्याच्या पाठीशी कोणत्या थैल्या होत्या याचाही अंदाज येतो. निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला.

या निकालाकडे 'जिनांनी जिंकलेला सिनेमाचा खटला' म्हणून पाहण्यात गंमत आहे, पण माझ्या मते त्याचं खरं महत्त्व वेगळं. तोवर नट हा कंपनीच्या हजेरीपटावरचा पगारदार माणूस होता. पेंटरांच्या कोल्हापुरात तर नट पडदे रंगवायचा, फीत धुवायचा आणि वेळ पडली तर सामानही उचलायचा. अशा माणसाच्या नावावर दोन कंपन्या कोर्टात जातात, तेव्हा ते नावच एक मालमत्ता झालेलं असतं.

बोलणारा पडदा, झोपलेला राजपुत्र

'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. गर्दी आवरायला पोलीस, चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना, हे सगळं आपण वाचलेलं असतं. चित्रपटाची प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. काही छायाचित्रं, जाहिराती आणि आठवणी एवढंच उरलं आहे. म्हणून विठ्ठल त्यात कसे बोलले याबद्दल जे काही बोललं जातं ते ऐकीव.

ऐकीव गोष्ट अशी, की त्यांचे उच्चार उर्दूला साजेसे नव्हते, म्हणून इराणींनी त्यांना बऱ्याच प्रसंगांत अर्धवट शुद्धीत दाखवलं. असेलही. पण कथानक पाहा. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी नाटकावरून ते घेतलेलं. राजाच्या दोन राण्या, दिलबहार आणि नवबहार. नवबहारला मुलगा होतो, त्याचा जीव एका हारात अडकलेला, आणि हार माशाच्या गळ्यात. सवत तो हार मिळवते. दिवसा तिने तो गळ्यात घातला की राजपुत्र मरून पडतो, रात्री तिने काढून ठेवला की उठतो. म्हणजे नायकाने दिवसभर निपचित पडून राहावं ही सोय मूळ कथेतच होती! ती विठ्ठल यांच्या उच्चारांसाठी कोणी मुद्दाम जन्माला घातली नाही. फार तर इराणींनी त्या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला, किंवा अशी कथा हाताशी आहे म्हणूनच उच्चारांची फिकीर न करता त्यांनी विठ्ठल यांना घेण्याचं धाडस केलं. मला ही दुसरी शक्यता जास्त पटते. निर्माते इतके भोळे नसतात की नायक मराठी वळणाचं हिंदुस्थानी बोलतो हे त्यांना चित्रीकरण सुरू झाल्यावर कळावं.

उच्चारांच्या गोष्टीमुळे एक मोठी बाब झाकली जाते. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, आवाजबंद स्टेज नव्हतं. गाड्या थांबल्या की रात्री उशिरा चित्रीकरण व्हायचं. मायक्रोफोन कुठेतरी आडोशाला लपवलेला आणि नटाने त्याच्यापासून लांब जायचं नाही. टॅनार पद्धतीच्या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फितीवर उमटत होते. आवाज बिघडू नये म्हणून फितीचा वेग एकसारखा ठेवावा लागे. हात संथ करून मारामारी चपळ करण्याची युक्ती तिथेच संपली. शिवाय एखाद्या चित्राचा आवाज फितीवर त्या चित्राशेजारी नसतो, थोडा अंतरावर असतो. चित्राच्या सोयीने कात्री लावली की वाक्याचा लचका तुटतो. संकलनाच्या टेबलावर वाढलेल्या माणसाला यातलं काय काय गेलं हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झेप नाही, पाठलाग नाही, कात्री नाही, आणि उभं राहायचं ते लपवलेल्या मायक्रोफोनच्या अंगाने. विठ्ठल यांच्याकडे जे होतं त्याला त्या स्टुडिओत जागाच नव्हती. उच्चार लखनवी असते तरी हे बदललं नसतं.

त्यात गाण्याची भर. 'आलम आरा'त सात गाणी होती. त्यातलं गाजलेलं 'दे दे खुदा के नाम पे प्यारे' वजीर महंमद खान या फकिराच्या भूमिकेतल्या नटाने गायलं. पार्श्वगायन रूढ व्हायला अजून चार-पाच वर्षं लागणार होती. तोवर ज्याचा चेहरा त्याचाच गळा. बोलपट चालला तो मुख्यतः गाण्यांवर, आणि पुढची काही वर्षं नायक निवडताना पहिला प्रश्न असायचा, गाता येतं का?

तुलना म्हणून सुलोचना

याच इंपीरियलची दुसरी मोठी मालमत्ता म्हणजे सुलोचना, रूबी मायर्स. मूकपटातल्या सर्वांत मोठ्या तारकांपैकी एक, आणि हिंदुस्थानी तिचीही कच्ची. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा झाली. सुलोचना काही काळ बाजूला राहिली, भाषा शिकली, आणि १९३२ मध्ये तिच्याच मूकपटाचा बोलपट 'माधुरी' घेऊन परत आली. नंतर 'अनारकली'सुद्धा. कंपनीने तिचे जुने यश नव्या यंत्रात ओतून दिले, आणि ते चाललं कारण तिचे चित्रपट संवादाला आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्याला जागा देणारे होते.

विठ्ठल यांच्या बाबतीत असं कोणी केलं नाही. सागरने १९३१ मध्येच झुबेदाबरोबर त्यांना 'मेरी जान'मध्ये उभं केलं, पुन्हा राजपुत्राचाच साज. त्यांना सहा महिने मौलवी लावून दिला असता तर? उच्चार सुधारले असते. पण मायक्रोफोनपुढे तलवारबाजी कशी टिपायची याचं उत्तर त्या वेळी मुंबईत कोणाकडे नव्हतं. ते यायला आणखी काही वर्षं लागली. १९३५ मध्ये वाडिया बंधूंनी नादियाला चाबूक हाती देऊन 'हंटरवाली' केला, तेव्हा स्टंटपटाने बोलपटात बस्तान बसवलं. विठ्ठल तोवर तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि गाडी पुढे गेली होती.

मराठीत

इथे ती सांगोवांगी कथा पूर्ण मोडते. १९३३ मध्ये पुण्याच्या सरस्वती सिनेटोनने, म्हणजे दादासाहेब तोरण्यांच्या कंपनीने, एकच चित्रपट दोन भाषांत काढला, मराठीत 'औट घटकेचा राजा' आणि हिंदीत 'आवारा शहजादा'. दिग्दर्शक मास्टर विठ्ठल. दुहेरी भूमिकेत राजपुत्र आणि त्याचा जोडीदार म्हणून उभा होता तो शाहू मोडक, चौदा-पंधरा वर्षांचा, गोड गळ्याचा, आदल्याच वर्षी 'श्यामसुंदर'मुळे घराघरांत पोचलेला मुलगा. राजपुत्र आणि तोतया हा विठ्ठल यांचा शारदामधला हुकमी एक्का. त्यावर आता ते दुसऱ्याला उभं करत होते, कारण त्याला गाता येत होतं. बोलपटाने काय बदललं हे या एका निवडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं 'आलम आरा'च्या बेशुद्ध राजपुत्रात दिसत नाही.

पुढे भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांनी त्यांना हक्काचं काम दिलं. 'नेताजी पालकर' (१९३९) हा त्यातलाच. घोडा, तलवार, गडाचा दरवाजा, आणि आता तोंडात आपली भाषा. कोल्हापुरात बाहेरच्या चित्रीकरणात पुन्हा मोकळं अंगण मिळालं, आवाजाचं तंत्रही सुधारलं होतं. भूमिका मात्र बहुतेक नायकाच्या नव्हत्या. सरदार, शिलेदार, वडीलधारे. पुढे १९६० च्या दशकापर्यंत ते लहानमोठ्या कामांत दिसत राहिले. १९६९ मध्ये त्यांचं निधन झालं.

मराठीत काम मिळत राहिलं याचा अर्थ आवाजाचा दोष नव्हता. नाटक कंपनीत घडलेला तो आवाज मराठी प्रेक्षकांना तीन दशकं चालला. चाललं नाही ते हिंदुस्थानी, आणि तेही अर्धंच कारण. मूकपटात त्यांचा बाजार लाहोरपासून मद्रासपर्यंत होता, मराठी बोलपटाचा बाजार मुंबई-पुणे-कोल्हापूर आणि आसपासचा. देशातला सर्वांत महागडा नट आणि मराठीतला चरित्र अभिनेता यांच्या मिळकतीत जो फरक पडला तो बाजार आकसल्यामुळे पडला.

राहता राहिला शारदाचा करार. तो मोडला नसता तर? शारदाची ओळख मूक स्टंटपटांची होती, आणि १९३४ पर्यंत मूकपट जवळपास संपला. करार पाळून विठ्ठल यांना फार तर तीन-चार वर्षं आणखी राजपुत्र राहता आलं असतं. सागरकडे जाण्याचा निर्णय धंद्याच्या हिशेबाने बरोबरच होता. महेबूब मागे राहिले, त्यांनी 'आलम आरा'ची संधी गमावली, आणि १९३५ मध्ये त्याच सागरने त्यांच्या हाती 'अल हिलाल'चं दिग्दर्शन दिलं. त्या अर्थाने पाहिलं तर १९३० मधल्या त्या निवडीत कोणाचं नुकसान झालं, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही.